अकरा ते पाच कोण होतं?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ७३, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्यांचं म्हणणं इथं देते.

पत्नी ७० वर्षांच्या, नगरपालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका. अडीच वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. मुलगी ठाण्याला, मुलगा दुबईला, घरी हे दोघंच. सकाळी त्या पर्स घेऊन शाळेला निघतात. संध्याकाळी दिवेलागणीला ‘मला घरी सोडा, आई वाट बघत असेल’ म्हणून दाराशी उभ्या राहतात. काका सांगतात, ‘अगं, तुझी आई जाऊन तीस वर्षं झाली.’ मग त्या नव्यानं रडतात. हे रोज चालतं. नवऱ्याला त्या ‘मामा’ म्हणतात. त्यांच्या शाळेत शिपायाला मामा म्हणायचे. ‘मामा, घंटा द्या.’ काका लिहितात, ‘४६ वर्षांच्या संसारानंतर मी तिच्या लेखी शिपाई.’

मुलगी म्हणते चोवीस तासांची बाई ठेवा, मुलगा म्हणतो चांगली संस्था बघू. काकांना दोन्ही नको. ‘माझी आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तेव्हा आम्ही एकत्र राहत होतो, थोरल्या वहिनी खालच्या मजल्यावर. पण हिनं शाळा सांभाळून आईचं सगळं एकटीनं केलं. आता माझी पाळी आली तर मी तिला संस्थेत टाकू? आणि आयुष्यात कधी खोटं बोललो नाही, ते आता तिच्याशी बोलू?’ शेवटी एक ओळ: ‘गेल्या महिन्यात अंघोळ घालताना ती चावली, मी तिच्या थोबाडीत मारली. ती दहा मिनिटांत विसरली. मी नाही.’

काका, नमस्कार.

तुमचं पत्र सात पानी आहे. थोबाडीतलं वाक्य सहाव्या पानावर, अगदी तळाला, दोन ओळींच्या मध्ये कोंबल्यासारखं लिहिलंय. तिथूनच सुरुवात करते.

झालं ते वाईट झालं. काकू विसरल्या म्हणून ते कमी होत नाही, आणि तुमचाही तसा दावा नाही. पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. या आजारात मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग आधी झिजतो. त्यामुळे घडलेला प्रसंग पुसला जातो, पण त्या प्रसंगानं आलेली भीती किंवा धास्ती मागे बराच वेळ रेंगाळते. कशाची धास्ती, हे त्या माणसाला सांगता येत नाही, इतकंच. दुसऱ्या दिवशी काकू न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच अडून बसल्या, ‘उगाच’ असं तुम्ही लिहिलंय. ते उगाच नसावं.

आता तुमची बाजू. तुम्ही रात्री तीन-तीनदा उठता. अडीच वर्षं. तुमच्या बीपीच्या गोळ्या मागच्या आठवड्यात संपल्या आणि आणायला वेळ झाला नाही, हेही पत्रात आहे. त्या हातात राग किती होता आणि जागरण किती, याचा हिशेब तुमच्यासारख्या इंजिनिअरला मी सांगायला नको. पुन्हा हात शिवशिवला तर एकच करा: पाण्याचा नळ बंद, काकूंना स्टुलावर नीट बसवा, आणि दारापर्यंत या. समोरून बाजूला व्हा, पण नजरेआड नको. पाच मिनिटं. अंघोळ राहिली तर राहू दे.

कारण रोजची अंघोळ कुणी सांगितलीय? आपल्याकडे अंघोळ झाल्याशिवाय चहासुद्धा नको असतो, त्यामुळे आपल्याला ती औषधासारखी वाटते. एक दिवसाआड अंघोळ आणि मधल्या दिवशी कोमट पाण्यानं अंग पुसणं, एवढं पुरतं. आणि काकू चावतात का, ते जरा त्यांच्या बाजूनं बघा. एक म्हातारा माणूस, जो त्यांच्या लेखी शाळेचा शिपाई आहे, तो त्यांना न्हाणीघरात नेऊन लुगडं फेडतो. कुठलीही बाई चावेल. म्हणून या एका कामाला तरी बाईमाणूसच हवं. डोक्यावरून एकदम पाणी ओतू नका, शॉवर तर नकोच. आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर. एक तांब्या त्यांच्याच हातात द्या. अंगावर टॉवेल राहू द्या, त्यावरून पाणी घातलं तरी चालतं. खिडकी लावून घ्या, फरशीवर रबरी मॅट टाका. नऊवारी-सहावारीचा हट्ट सोडून पुढून बटणांचा गाऊन आणा. परकराच्या नाडीची गाठ हे सकाळच्या निम्म्या भांडणांचं मूळ असतं, असं मी अनेक घरांत ऐकलंय.

आता खरं-खोटं.

‘तुझी आई गेली’ हे वाक्य खरं आहे. पण तुम्हाला ते तीस वर्षं जुनं, आणि काकूंना आज संध्याकाळी साडेसहाचं. रोज साडेसहाला त्यांची आई नव्यानं मरते, आणि बातमी आणणारे तुम्ही असता. बातमी रात्रीपर्यंत पुसली जाते, दुःख तेवढं राहतं. खऱ्याची एवढी किंमत काकूंनी का मोजायची?

तुम्हाला खोटं बोलावं लागेल असंही नाही. ‘आई वाट बघत असेल’ असं म्हणाल्या की ‘तुझी आई संध्याकाळी काय करायची गं?’ एवढंच विचारा. हा प्रश्न आहे, प्रश्न खोटा नसतो. त्या आईच्या चुलीबद्दल, गोठ्याबद्दल बोलतील. बहुधा त्यांना घर हवंच नसतं, दिवेलागणीला पोटात कालवाकालव होते तिला तो शब्द सापडतो. अंधार पडायला लागला की हा आजार असलेल्या पुष्कळ जणांची घालमेल वाढते. म्हणून तुमच्याकडे दिवे सातला लागत असतील तर साडेपाचलाच लावा, पडदे ओढून घ्या, दुपारी चारनंतर चहा नको आणि टीव्हीवरच्या बातम्या तर नकोतच. त्याच वेळेला हाताला काम द्या. मेथी निवडायला, मटार सोलायला. निम्मी मेथी देठांत गेली तर जाऊ दे.

आणि ‘मामा’. काका, हे तुम्हाला लागलंय, आणि का लागू नये? पण माझ्या मावशीनं शेवटच्या वर्षात तिच्या नवऱ्याला ‘घरात घुसलेला माणूस’ म्हटलं होतं, आणि पाटल्या चोरल्याचा आळ घेतला होता. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, तोवर धुणंभांड्याची बाई अपमान होऊन काम सोडून गेली होती. त्या घराशी ताडून बघते तेव्हा तुम्हाला मिळालेली जागा मला बरी वाटते. शाळेतला मामा म्हणजे कोण? ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या, जो बाईंना चहा आणून देतो, ज्याच्यावर बाई विसंबून असतात. तुमचं नाव गेलं, भरवसा राहिलाय.

‘मी कोण, सांग बघू’ ही परीक्षा मात्र घेऊ नका. पाहुण्यांनाही घेऊ देऊ नका. बत्तीस वर्षं मुलांची परीक्षा घेतलेल्या बाईंना चारचौघांत नापास करायचं, हे बरं दिसत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही म्हणता, तिनं माझ्या आईचं एकटीनं केलं, म्हणून मीही एकट्यानं करणार.

काकूंची शाळा अकरा ते पाच असणार. सहा वर्षं. मग अकरा ते पाच तुमच्या आईच्या उशाशी कोण होतं?

तुम्हीच लिहिलंय, थोरल्या वहिनी खाली होत्या. दुपारचं भरवणं, कूस बदलणं त्यांनी केलं असणार. धुणं कुणी धुतलं? अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं धुणं म्हणजे दिवसाला दोन बादल्या. तुमच्या बहिणी माहेरी यायच्या त्या मे महिन्यात आणि दिवाळीत, तेव्हा रात्रीची जाग कुणाकडे असायची? शेजारची कुणी ‘जरा बसते, तू भाजी घेऊन ये’ म्हणाली नसेल? वहिनी असतील तर त्यांनाच विचारा. माझा अंदाज आहे, पाच-सहा जणींचे हात निघतील. काकूंचा वाटा त्यात मोठा होता, कष्टाचा होता, त्याबद्दल शंका नाही. पण त्या वेळी घरातल्या बायका हे काम आपसांत न बोलता वाटून घेत. ते वाटप घरातल्या पुरुषांना दिसायचं नाही, म्हणून तुमच्या आठवणीत ते ‘एकटीनं’ म्हणून राहिलं. तुम्ही एका अशा गोष्टीची परतफेड करायला निघाला आहात जी तशी घडलीच नव्हती.

शिवाय तुमच्या आई अंथरुणाला होत्या, पण माणसं ओळखत होत्या. दुखतंय कुठं ते सांगत होत्या. रात्री दोनला कडी काढून रस्त्यावर जात नव्हत्या. आणि तेव्हा काकू चाळिशीत होत्या, तुम्ही आज ७३ आहात.

एक जुनी गोष्ट सांगते. ज्या रुग्णावरून या आजाराला नाव मिळालं, ती एक जर्मन बाई होती. १९०१ साली तिला फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आणून सोडलं ते तिच्या नवऱ्यानं. रेल्वेत कारकून होता. बायको रात्री घरभर फिरायची, त्याच्यावर संशय घ्यायची, त्याच्यानं होईना. आलॉइस अल्झायमर या डॉक्टरनं तिला तिथं तपासलं आणि १९०६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, तिच्या मेंदूतले बदल जगापुढे मांडले. म्हणजे एकशे वीस वर्षांपूर्वी पहिल्याच नोंदीत एक थकलेला नवरा आहे. तो वाईट माणूस होता असं मला कधी वाटलं नाही.

तुमच्या पत्रात ‘टाकू’ हा शब्द पाच वेळा आलाय. मुलाला शाळेतही टाकतात आणि टाकलेलं माणूस वेगळं. तुमच्या मनात दुसरा अर्थ आहे. पण चोवीस तास घरात एकट्यानं करणं आणि कायमचं संस्थेत ठेवणं, या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि तुम्ही पहिलीही चढलेला नाहीत.

पहिली पायरी: सकाळी आठ ते दुपारी दोन एक मावशी. चोवीस तासांची नको, तुम्हाला घरात परकं माणूस सहन होणार नाही आणि तुम्ही तिला आठवड्यात घालवाल. तिचं काम फक्त काकूंची अंघोळ, खाणं आणि फिरणं. स्वयंपाक, केरवारे तिच्या गळ्यात मारू नका, नाहीतर काकू पुन्हा तुमच्याकडेच येतील. पहिले पंधरा दिवस काकू तिला हाकलतील. तिची ओळख ‘नव्या बाई आल्यात, तुमच्या हाताखाली’ अशी करून द्या. ते सहा तास तुम्ही झोपा. भाजी, बँक, गोळ्या वगैरे नंतर, आधी झोपा.

दुसरी पायरी: मुलांकडून सल्ला घेऊ नका, तारखा घ्या. ‘संस्था बघू’ म्हणणं दुबईहून सोपं असतं. मुलाला सांगा, मावशीचा पगार दर महिन्याच्या एक तारखेला तुझ्याकडून. मुलीला सांगा, दर दोन महिन्यांनी चार दिवस तू इथं ये, आणि त्या चार दिवसांत मी घरात नसेन. कुठं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पंढरपूरला जा, मित्राकडे जा. दोघंही नाही म्हणणार नाहीत असं मला पत्रावरून वाटतं. तुम्ही मागितलंच नाहीये.

तिसरी: मोठ्या शहरांत स्मृतिभ्रंश (अल्झायमर्स हा त्याचाच एक प्रकार) असलेल्यांसाठी दिवसाची केंद्रं आहेत, काही संस्था महिना-पंधरा दिवसांसाठीही ठेवून घेतात. एआरडीएसआय ही १९९२ साली केरळात सुरू झालेली संस्था याच आजारावर काम करते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि तुमच्या स्वतःच्या मनासाठी टेलि-मानसची १४४१६. दुसऱ्या नंबरवर तुम्ही तुमच्याबद्दल बोलायचं, काकूंबद्दल नाही.

आणि कायमची संस्था ही शेवटची. ती वेळ कधी येईल, ते आताच कागदावर लिहून ठेवा. तुमचं स्वतःचं ऑपरेशन ठरलं तर, काकू पडून हाड मोडलं तर, पुन्हा एकदा हात उठला तर. हे तिसरं मी मुद्दाम लिहितेय. बघायला जाल तेव्हा न कळवता आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला जा. सकाळी अकराला सगळ्याच संस्था छान दिसतात. वास घ्या. कुणी खुर्चीला बांधलेलं आहे का बघा. रात्री किती माणसांमागे किती बायका ड्युटीवर असतात, हे विचारा. बऱ्याच वृद्धाश्रमांत स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात, तेव्हा ‘स्मृतिभ्रंशाचे किती जण आहेत’ हा पहिला प्रश्न.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण यात लोक फसतात. काकूंची सही आता जुळत नाही आणि त्यांचं पेन्शन अडकेल ही तुमची भीती रास्त आहे. सही येत नसेल तर अंगठ्यावर पैसे काढायची सोय बँकेत असते. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना रांगेत उभं करू नका, मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं. पण हे सगळं हाताच्या अडचणीपुरतं. कुणी सांगेल, मुखत्यारपत्र करून घ्या. आपल्याकडे भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, ज्यानं मुखत्यारपत्र दिलं त्याची समज गेली की ते संपतं. त्यामुळे निदान नुकतंच झालंय आणि माणूस अजून विचार करून बोलतोय अशा घरांतल्या वाचकांनी मृत्युपत्र, नॉमिनेशन, जॉइंट खातं ही कामं आजच्या आज हातात घ्यावीत. काकूंच्या नावावरचं घर किंवा ठेवी यांचा प्रश्न आलाच तर न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागेल. मुंबई उच्च न्यायालयानं असे आदेश दिलेले आहेत. चांगला वकील गाठा, बँकेच्या शिपायाचा सल्ला पुरणार नाही. (शिपायांचा राग नाही, मामा.)

डॉक्टरांकडे तुम्ही शेवटचं जाऊन सव्वा वर्ष झालंय, ‘गोळ्यांनी गुण येत नाही’ म्हणून. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी आजार जात नाही. काही जणांची घसरण काही काळ जरा हळू होते, इतकीच अपेक्षा ठेवायची. तरी जा. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं होतं का विचारा, ऐकू किती येतं तेही बघून घ्या. निम्मी चिडचिड ऐकू न आल्याची असू शकते. काकू चार दिवसांतच अचानक जास्त बिथरल्या, झोपाळू झाल्या, कपड्यात लघवी व्हायला लागली, तर आजार वाढला असं समजून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन असंच दिसतं आणि ते औषधानं बरं होतं. झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नका. त्यानं रात्रीचं पडणं वाढतं. त्याच दिवशी स्वतःचं बीपीही मोजून या.

घरात आणखी तीन गोष्टी करा. गॅसचा रेग्युलेटर रोज रात्री बंद. दाराची कडी डोक्याच्या वर, पण बाहेरून कुलूप लावून त्यांना एकटं सोडून जायचं नाही. आणि मंगळसूत्रातच एक छोटं पदक ओवा, मागे तुमचा मोबाइल नंबर कोरून. गळ्यातलं ओळखपत्र त्या काढून टाकतील, मंगळसूत्र नाही काढणार. शेजाऱ्यांना आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आजाराचं नाव घेऊन सांगा. २०२३ साली आलेल्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. तुमच्या गल्लीत दुसरं घर निघालं तर मला नवल वाटणार नाही.

सकाळच्या पर्सबद्दल. शाळेत जायचं म्हणतात तर अडवू नका, त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि परत या. घरी टेबलावर जुन्या वह्या ठेवा, नातवंडांच्या असल्या तरी चालतील, आणि एक लाल पेन. साधं बॉलपेन, जेल पेनची शाई हाताला, मग गाऊनला, मग भिंतीला लागते. त्या बरोबरच्या खुणा करत बसतील, चुकीच्या गणितालाही करतील, करू देत.

आणि ‘मामा, घंटा द्या’ म्हणाल्या की द्या. स्टीलचं ताट आणि उलथनं पुरे. फक्त शाळा सुटल्याची लांब घंटा देऊ नका, नाहीतर पुन्हा घरी जायचं निघेल. मधल्या सुटीची द्या, आणि डबा उघडून समोर ठेवा. दुपारचं त्या जेवत नाहीत म्हणालात ना?